परकी युद्धविद्या आणि स्वकीय सेना

परक्याची युद्धविद्या शिकणें ही एक गोष्ट, आणि परक्याच्या हातीं आपलें युद्ध सोंपविणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. मराठ्यांच्या इतिहासांत या दोहोंतला भेद प्रथम दिसून आला तो कल्याणच्या खाडीकांठीं.

सन १६५७ त कल्याण व भिवंडी हीं ठाणीं शिवाजीमहाराजांनीं घेतलीं. जंजिऱ्याच्या सिद्दीला आवर घालावयाचा तर स्वतःचें आरमार हवें, हें ओळखून त्यांनीं या खाडींत नौका बांधविण्यास आरंभ केला. सन १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हियेगश नांवाचा पोर्तुगीज व त्याचा मुलगा यांच्या हाताखालीं सुमारें ३४० माणसें या कामीं होतीं. आज सिद्दीवर जाणारें आरमार उद्यां आपणांवरही येईल, ही धास्ती पोर्तुगीजांस वाटली. वसईच्या अधिकाऱ्यानें व्हियेगशचें मन वळविलें, आणि तो माणसांसह काम टाकून गुपचूप निघून गेला.

तरीही आरमार उभें राहिलें. सन १६६४ त सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि १६६५ त महाराज स्वतः समुद्रमार्गें बसरूरवर चालून गेले. कारागीर गेले, परंतु आरमाराचा धनी आणि त्याचा हेतु हे दोन्ही स्वकीय होते.

ठाण्याचा दाखला पुढील शतकांतला. पोर्तुगीज तेथें बांधीत असलेला किल्ला मराठ्यांनीं १७३७ त, पुरा होण्यापूर्वींच, घेतला. दोन वर्षांनीं चिमाजीअप्पांच्या सैन्यानें वसईच्या तटाखालीं सुरुंग उडवून तो कोट जिंकला. युरोपीय धर्तीचा कोट पाडण्याची हिकमत येथें मराठी सैन्याच्या अंगीं आलेली दिसते.

महादजी शिंदे यांनीं याहून मोठें धाडस केलें. सन १७८४ त त्यांनीं द बॉयन यास कवायती पलटणी उभारण्यास नेमिलें. १७९० त पाटण व मेडता येथें या पलटणींनीं राजपुतांचा पराभव केला. आग्र्यास तोफाही ओतल्या जाऊं लागल्या. परंतु वरचे हुद्दे बहुतेक युरोपियनांकडेच राहिले.

त्याचें फळ १८०३ त मिळालें. इंग्रजांनीं जाहीरनामा काढतांच अनेक गोरे अंमलदार शिंद्यांची चाकरी सोडून गेले. सेनापति पेरॉं हाही इंग्रजांच्या आश्रयास गेला. मागें राहिलेल्या पलटणी नोव्हेंबरांत लासवारीस अशा लढल्या कीं, त्यांच्या शौर्याची वाखाणणी शत्रूचा सेनापति लेक यासही करावी लागली. शिपाई शूर होता, तोफ उत्तम होती. कवायत परकी असूनही ती त्याच्या अंगवळणीं पडली होती. उणीव होती ती हुकूम देणाऱ्या स्वकीय अंमलदारांची, आणि ती ऐन रणांत भरून काढतां येण्यासारखी नव्हती.