घरची बीअर आणि ओरेगॉनची जत्रा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉन नांवाचें राज्य आहे. सालेम ही त्याची राजधानी. तेथें उन्हाळ्याच्या अखेरीस राज्याची जत्रा भरते. ही जत्रा देवाची नव्हे, शेतकऱ्यांच्या व गृहिणींच्या हस्तगुणांची. धष्टपुष्ट गुरें, मुरंबे, शिवणकाम यांना जेथें बक्षिसें मिळतात, तेथेंच घरीं केलेल्या बीअरचीहि स्पर्धा रुजली. याच ओरेगॉननें सर्व देशाच्या चार वर्षें आधीं, १९१६ सालींच, दारूबंदी पुकारली होती!

१९३३ सालीं देशव्यापी बंदी उठली, तेव्हां घरगुती द्राक्षासवाला केंद्र सरकारनें मोकळीक दिली. बीअरला दिली नाहीं. ती मिळावयास १९७८ साल उजाडावें लागलें. अध्यक्ष जिमी कार्टर यांची सही झाली आणि एकट्या प्रौढ माणसाच्या घरीं वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरीं २०० गॅलन, म्हणजे सुमारें ७५७ लिटर, बीअर करण्यास मुभा मिळाली. विक्री मात्र निषिद्धच राहिली. हौशी लोक कायद्यासाठीं थांबले होते असें नव्हे. पोर्टलंडच्या फ्रेड एकहार्ट यांनीं या विषयावरील आपलें छोटेखानी पुस्तक १९७० च्या सुमारासच प्रसिद्ध केलें होतें. १९७९ सालीं त्याच शहरांत ‘ओरेगॉन ब्रू क्रू’ हें हौशी मंडळ स्थापन झालें.

कृति ऐकावयास सोपी आहे. जवाला मोड आणून ते वाळवावयाचे, भरडून तासभर गरम पाण्यांत ठेवावयाचे, म्हणजे त्यांतील पिठूळ अंशाची साखर होते. तें गोड पाणी गाळून हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून उकळावयाचें, निववावयाचें आणि यीस्ट घालून आंबूं द्यावयाचें. ओरेगॉनमध्यें हॉपचे मळे आहेत, आणि १९७२ सालीं प्रसिद्धीस आलेली ‘कॅस्केड’ ही सुवासिक जात तेथील कॉर्व्हॅलिसच्या संशोधनांतूनच निपजली. परंतु खरी मेख स्वच्छतेंत आहे. लोणचें घालणाऱ्या गृहिणीला हें वेगळें सांगावयास नको.

आतां स्पर्धेचें. कोलोराडोंतील बोल्डर येथें १९७९ सालीं पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हां अवघे ३४ नमुने आले होते. पुढें ते हजारोंनीं येऊं लागले. १९८५ सालीं परीक्षकांचीहि परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली. बाटलीवर नांव नसतें. एकूण गुण ५०: सुगंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडांत जाणवणाऱ्या घट्टपणाला ५ आणि एकंदर प्रभावाला १०. रूपाला तीनच गुण ठेवणारे लोक शहाणे म्हटले पाहिजेत. गुणांबरोबर परीक्षक अभिप्रायहि लिहितो, आणि पदकाहून तोच अधिक मोलाचा. घरीं आलेला मित्र भिडेखातर ‘उत्तम’ म्हणतो. अनोळखी परीक्षक ‘आंबट झाली आहे, भांडें तपासा’ असें लिहून मोकळा होतो. पोर्टलंडच्या विडमर बंधूंच्या कारखान्यानें तर १९९८ पासून ब्रू क्रूच्या सभासदांच्या निवडक पाककृति स्वतः करून विकावयास घेतल्या. हे बंधूहि मूळचे घरींच बीअर करणारे!

असें सर्व सुरळीत चाललें असतां २०१० सालीं भलतेंच विघ्न उपस्थित झालें. राज्याच्या जुन्या कायद्यांत घरगुती बीअर ‘घरीं पिण्यासाठीं’ असावी असे शब्द होते. राज्याच्या कायदेपंडितांनीं त्यांचा काटेकोर अर्थ लावला: बाटली उंबऱ्याबाहेर गेली कीं गुन्हा! म्हणजे शेजाऱ्याकडे नेणें बेकायदेशीर, मंडळाच्या बैठकींत नेणें बेकायदेशीर, मग जत्रेची गोष्टच कशाला? त्या वर्षीं जत्रेंतील स्पर्धा रद्द झाली. कायदा बदलला नव्हता, बदललें होतें तें त्याचें वाचन. आणि तेवढ्यानें वर्षानुवर्षें उघडपणें चाललेला व्यवहार अपराध ठरला.

हौशी मंडळींनीं बाटल्या लपवून ठेवण्याचा मार्ग धरला नाहीं. ते विधिमंडळाकडे गेले. सेनेटर फ्लॉइड प्रोझान्स्की यांनीं विधेयक मांडलें, आणि २०११ सालीं गव्हर्नर जॉन किट्झहेबर यांच्या सहीनें तें कायद्यांत उतरलें. घरची बीअर घराबाहेर नेण्यास, दुसऱ्यास चाखावयास देण्यास आणि स्पर्धेस पाठविण्यास त्यानें स्पष्ट शब्दांत परवानगी दिली. विक्रीची बंदी तेवढी जशीच्या तशी राहिली, आणि तिच्याविषयीं कोणी तक्रारहि केली नव्हती.