शेरा

सहावीत असताना मी आमच्या मास्तरांच्या सायकलची हवा सोडली. त्या सहामाहीला प्रगतिपुस्तकावर इंग्रजीत शेरा आला : ‘मिस्चिव्हस’. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. ते कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या एका गृहस्थांकडे गेले. त्यांचं इंग्रजी कोर्टाच्या कागदांवर पोसलेलं. ते म्हणाले, “मिस्चिफ म्हणजे गुन्हा. कलम ४२५. तीन महिने कैद होऊ शकते.” त्या संध्याकाळी मी जो मार खाल्ला, तो आजही आठवतो.

ते गृहस्थ खोटं बोलले नव्हते. मेकॉलेच्या आयोगानं १८३७ साली मसुदा केलेल्या आणि १८६० साली मंजूर झालेल्या दंडसंहितेत ‘मिस्चिफ’ म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस. कायद्याच्या मराठीत त्याला ‘आगळीक’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्या ३२४व्या कलमातही हा गुन्हा आहेच.

पुढे बी.ए.ला असताना मी जाड शब्दकोश उघडला. हा शब्द जुन्या फ्रेंचमधला. ‘मेस’ म्हणजे वाईट, आणि पुढचा भाग ‘डोकं, टोक’ या अर्थाच्या लॅटिन ‘कापुट’पासून आलेला. म्हणजे वाईट टोकाला जाणं. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता आपत्ती, अनर्थ. पोरांच्या खोड्यांसाठी तो रुळायला पुढची तीन-चारशे वर्षं जावी लागली. गंमत म्हणजे, तडीस नेणं या अर्थाचा ‘अचीव्ह’ त्याच मुळातून आला. प्रगती आणि खोडी, दोघी सख्ख्या बहिणी!

आमच्या घरातला शब्द ‘शरारत’. त्याच्या मुळाशी अरबी ‘शर्र’ आहे, म्हणजे दुष्टपणा. मराठी ‘खोडी’ही ‘खोड’च्या, म्हणजे दोषाच्या, नात्यातली. तिन्ही भाषांत लोकांनी कडू शब्द घेतले आणि मुलांच्या अंगाखांद्यावर खेळवून गोड केले. मार पडला त्या दिवशी अम्मी मला पाठीशी घालत म्हणाली होती, “बच्चा है, शरारत करेगाच.” तिच्या तोंडी त्या शब्दात दुष्टपणाचा लवलेश नव्हता.

शब्द तोच, पण तो आईच्या ओठांवर आहे की कोर्टाच्या कागदावर, यावर पोराचं नशीब ठरतं. एकाच्या पोराची ती खोडी असते, दुसऱ्याच्या पोराची आगळीक ठरते.

शब्दकोशातलं हे सारं मी अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मास्तरांनी नुसतं ‘खोडकर’ लिहिलं असतं, तर मी हसून सही केली असती रे.”