टिपणी, आज्ञावली आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संगणकशास्त्राचे शिक्षण मला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. मी कला शाखेचा पदवीधर. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे फाइलींच्या सहवासात काढली. परंतु ज्या घरातील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नाही, असे घर आपल्या मंडळात आता विरळाच. गणपतीच्या दिवसांत आपण एकमेकांना विचारतो, "चिरंजीव काय करतात?" उत्तर येते, "कॉम्प्युटरमध्ये आहे." संभाषण तिथेच थांबते. डॉक्टरचे काम आईबापांना कळते, बँकेतल्याचे कळते. यांचे कळत नाही. आणि जे काम कळत नाही, त्यातले कष्टही दिसत नाहीत. परवा एक स्नेही म्हणाले, "पगार माझ्या चौपट, आणि विचारावे तर सांगतो, आठवडाभरात तीन ओळी लिहिल्या!" आज मी त्या तीन ओळींविषयीच बोलणार आहे.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आपणांस आठवत असेल. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी असलेल्या आपल्या आज्ञावलीकरिता एक लहानशी फाइल सर्वत्र धाडली होती. नव्या मजकुरात एकवीस रकाने गृहीत धरलेले, आणि आज्ञावली पुरवीत होती वीसच. एकविसावा रकाना वाचावयास गेलेला संगणक भलत्याच जागी हात घालून कोसळला. आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९.३९ ला ती फाइल सुटली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली. मधल्या अठ्ठ्याहत्तर मिनिटांच्या या प्रमादाचा फटका, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणकांना बसला. आणि त्यांतले कित्येक माणसाने जागेवर जाऊन एकेक करून सुरू करावे लागले. आमच्याकडे प्रपत्रात रकाना चुकला तर शुद्धिपत्रक निघते आणि दोन महिने पत्रव्यवहार चालतो. तिथे शुद्धिपत्रकाला तेवढी सवड नाही. तीन ओळींना आठवडा का लागतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर माणसांच्या संख्येत आहे. आयबीएम कंपनीने १९६४ साली 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या मूळ कार्यप्रणालीचे काम फ्रेडरिक ब्रूक्स या गृहस्थांकडे होते. १९६३ ते १९६६ या काळात त्या कामी सुमारे पाच हजार मनुष्यवर्षे खर्ची पडली असावीत, असे त्यांनीच १९७५ च्या आपल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात लिहिले. आणि तरीही ते काम उशिराच झाले. त्यांचा निष्कर्ष असा, की लांबलेल्या कामावर आणखी माणसे घातली, तर ते अधिकच लांबते. हिशेब साधा आहे. पाच माणसांत बोलणे व्हावयाचे तर दहा जोड्या होतात. पन्नास माणसांत एक हजार दोनशे पंचवीस. लग्नघरात आचारी वाढवले की स्वयंपाक का रखडतो, हे आपल्या गृहिणींना ब्रूक्ससाहेबांच्या आधीपासून ठाऊक आहे.

आजचा पसारा तर याहून थोर. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज'चे सगळे लेखन एका नव्या भांडारात हलविले, तेव्हा त्यात सुमारे ३५ लाख फाइली होत्या, आणि त्यांवर सुमारे चार हजार अभियंते काम करीत होते. (याच विंडोजमध्ये आपण देवनागरी ज्या 'मंगल' टंकात वाचत आलो, तो आपल्या र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) अशा दप्तरात नव्याने शिरलेल्या मुलाचे पहिले कित्येक महिने लिहिण्यात जात नाहीत, दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय लिहिले आणि का लिहिले, हे वाचण्यात जातात. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. जुन्या फाइलीतील 'चर्चेप्रमाणे' हा शेरा वाचून कोणती चर्चा, कोणाशी, असे हताशपणे ज्याने कधी पुटपुटले आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

लिहिलेल्या ओळी मग तपासणीस जातात. आमची टिपणी कनिष्ठाकडून वरिष्ठाकडे चढत जाते आणि सहीने पावन होते. तिथे तपासणी बरोबरीचा माणूस करतो, दोन वर्षांची नोकरी झालेली मुलगी वीस वर्षे मुरलेल्याचे काम "हे का?" असे विचारून अडवून ठेवू शकते. मला हे फार आवडले. प्रत्येक ओळ कोणी आणि केव्हा बदलली, याचीही नोंद राहते. ती पाहण्याच्या आज्ञेला 'ब्लेम', म्हणजे दोष, असे नाव कोणी दिले कोण जाणे! उलट गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या एका ग्रंथात अपघातानंतरचा अहवाल व्यक्तीला दोष न देता लिहावा, असे आग्रहाने मांडले आहे: माणूस चुकणारच, चूक पुढे सरकू देणारी व्यवस्था शोधा. आमच्या चौकशी-अहवालांत 'जबाबदारी निश्चित करण्यात यावी' हे वाक्य पहिल्या पानावर असते.

तिथे सारे गोड आहे, असे मात्र समजू नये. मायक्रोसॉफ्टमध्ये नोव्हेंबर २०१३ पर्यंत अशी पद्धत होती, की गटातील सगळेच उत्तम असले तरी काहींना ठरावीक प्रमाणात खालची श्रेणी द्यावयाचीच. आमच्या गोपनीय अहवालांना नावे ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. रात्री दोन वाजता फोन वाजतो आणि मुलगा उठून बसतो, तो पाळीचा असतो. कुठेतरी यंत्रणा अडलेली असते. आणि जानेवारी २०२३ या एकाच महिन्यात मायक्रोसॉफ्टने दहा हजार, तर गूगलने बारा हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत कामात उणे पडलेलेच होते, असे नव्हे.

म्हणून आपल्या पिढीला एक विनंती. नोकरी गेलेला मुलगा घरी आला, तर "तुझे काय चुकले?" हा प्रश्न प्रथम विचारू नका. सरकारी नोकरीत ही भीती आम्ही अनुभवलीच नाही, त्यामुळे ती मोजण्याचे मापही आमच्यापाशी नाही. आणि "तीन ओळीच लिहिल्या?" असे म्हणण्याऐवजी "कोणत्या तीन?" असे विचारून पाहा. तो सांगू लागेल. सगळे कळणार नाही, पण अर्धा तास बोलेल, आणि आजकाल आपल्या घरांतून अर्धा तास ही काही थोडी मिळकत नव्हे.

माझी वेळ संपली. प्रश्न असतील तर ते मला विचारू नका. मागल्या रांगेत अशी सहा-सात मुले आज सुटी काढून बसली आहेत. त्यांना पुढे बोलवा.