मुलं वाचत नाहीत? आधी तपासणी करू या

(गेल्या वर्षीच्या उत्सवात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्यिक नाही, शिक्षकही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस-बावीस वर्षं इंजिनांच्या शेडमध्ये काढली. पण कॉलनीतली मुलं आमच्या घरून पुस्तकं नेतात, हे अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला इथे उभं केलं.

"मुलं हल्ली वाचतच नाहीत" ही तक्रार घरोघरी आहे. मोबाईलला दोष दिला की आपण मोकळे! शेडमध्ये असं चालत नाही. ड्रायव्हरने वहीत लिहिलं, "इंजिन लोड ओढत नाही", तर आम्ही इंजिनाला नावं ठेवत बसत नाही. डिझेलचा फिल्टर चोंदलाय का, हवा कमी पडतेय का, एकेक बघत जातो. तक्रार एकच असते, कारणं निराळी. मुलांचंही तसंच आहे.

पहिलं कारण, वाचतानाच त्रास होणं. आधी डोळे तपासून घ्या. डोळे ठीक असूनही आठ-नऊ वर्षांचं मूल अक्षरांची अदलाबदल करत असेल, ओळी सुटत असतील, तर त्याला आळशी म्हणू नका. २००७ चा 'तारे जमीं पर' आपण सगळ्यांनी पाहिलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अडचणीची नोंद आहे. तज्ज्ञांकडून तपासणी झाली, तर मुलाला शाळेत आणि परीक्षेत सवलती मागता येतात. अशा मुलाला रोज दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा. गोष्टीची गोडी कानानेही लागते.

दुसरं कारण खास आपलं, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचं. आपली मुलं मराठी बोलतात, पण शाळेत शिकतात हिंदी आणि इंग्रजी. देवनागरी त्यांना येतेच. अडतं कुठे, तर 'ळ' वर, 'तऱ्हा' मधल्या 'ऱ्ह' वर, आणि 'चार चाकं' म्हणताना दोन 'च' वेगळे का, यावर. हे काम आठवड्याभराचं आहे. खरी पंचाईत पुढे होते. सहावीतल्या मुलाला मराठी वाचता येतं दुसरीतल्या मुलाइतकं. जाड पुस्तक दिलं तर तो दमतो, बाळबोध दिलं तर त्याला अपमान वाटतो. त्याला मजकूर थोडा, चित्रं भरपूर, पण विषय त्याच्या वयाचा असं पुस्तक हवं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' वर तर सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्यांच्या गोष्टी फुकट मिळतात. कित्येक गोष्टी हिंदीतही आहेत आणि मराठीतही. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. मोबाईलचा असाही उपयोग होतो!

तिसरं कारण, विषय न पटणं. आमच्या चिरंजीवांना राजा-राणी, ससा-कासव यांत काडीचा रस नव्हता. पण पुलावर उभं राहून डब्ल्यूएपी-७ कुठलं आणि डब्ल्यूएजी-९ कुठलं हे लांबून ओळखायचं, पाटी वाचून वहीत नंबर उतरवायचे, हे तासन् तास चाले. मंडळी, हेही वाचनच आहे! अशा मुलाला अरविंद गुप्तांची पुस्तकं द्या. आपल्या शेजारच्या होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून खेळणी केली. खेळणं करायचं तर कृती वाचावीच लागते. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही विनामूल्य आहेत. नंतर मी त्याच्या हाती 'तोत्तोचान' दिलं, कारण त्यातली शाळा रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरते. "डबे खरे होते का?" एवढंच त्याने विचारलं आणि पुस्तक घेऊन गेला. चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा हा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलाय.

धाडस आवडणाऱ्याला भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा 'फास्टर फेणे' द्या. खोडकराला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. चित्रांशिवाय न वाचणाऱ्याला 'अमर चित्र कथा'. त्यांना कमी लेखू नका. लांब गोष्ट न झेपणाऱ्याला 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. मूल हिंदीतच रमत असेल, तर भोपाळहून १९८५ पासून निघणारं 'चकमक' आणा. एका भाषेत गोडी लागली की ती दुसरीत नेता येते.

आणि मोठ्यांनी पथ्य पाळायचं. डॅनियल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. पानं गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचाही आहे. तेव्हा "तात्पर्य काय?" विचारू नका, "आधी संपव" म्हणू नका.

हे सगळं कशासाठी? वर्ध्याला माझी आई अजून पत्रं लिहिते. पूर्वी ती मी मुलाला वाचून दाखवायचो. गेल्या दिवाळीचं पत्र त्याने स्वतः वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. आणि "आजीने हे मला लिहिलंय" म्हणून स्वतःच्या कंपासपेटीत ठेवलं. आपण बदल्यांच्या नोकरीची माणसं. मुलांना गावचं घर देता येईलच असं नाही, पण आजीचं अक्षर वाचण्याइतकी मराठी नक्की देता येईल.

शेवटी मंडळाला एक विनंती. स्पर्धांच्या बक्षिसांत स्टीलच्या डब्याऐवजी पुस्तक द्यावं, आणि ते मुलानेच टेबलावरून निवडावं. एक लोखंडी पेटी सभागृहात ठेवू या. पहिली पंचवीस पुस्तकं माझ्याकडून.

गणपती बाप्पा मोरया!