एलियान रादिग : ऐकण्याची साधना
(संस्थेच्या धम्मवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाची पत्रिका निघाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जात आहे. फ्रान्समधली एक बाई, यंत्रातून तास-तासभर घुमणारा आवाज काढणारी. तिचा आपल्या धम्मवर्गाशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्हीही हे संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा टेप अडकली आहे असे समजून बटण दाबायला उठलो होतो. तेव्हा आधी या बाई कोण ते सांगतो, मग संबंधाचे पाहू.

एलियान रादिग यांचा जन्म २४ जानेवारी १९३२ रोजी पॅरिस येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. लहानपणी पियानो आणि पुढे हार्प हे तंतुवाद्य त्या शिकल्या. आर्मां या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या चित्रकार-शिल्पकाराशी त्यांचे लग्न झाले, तीन मुले झाली आणि संसार नीस या समुद्रकाठच्या शहरी सुरू झाला. तेथे विमानतळ जवळ होता. डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या घरघरीला लोक कंटाळत. रादिग ती मन लावून ऐकत.

याच काळात त्यांच्या कानावर रेडिओवरून पिएर शेफर यांचे संगीत पडले. शेफर यांनी १९४८ साली आगगाडीच्या इंजिनांचे आवाज मुद्रित करून, ते कापून-जोडून एक रचना केली होती. शिट्टी, चाकांचा खडखडाट, वाफेचा फुत्कार हेच तिचे स्वर. विमानात संगीत ऐकणाऱ्या तरुणीला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना करावी. १९५० च्या दशकात त्या शेफर यांच्याकडे शिकू लागल्या. चुंबकीय फीत कापणे, चिकटवणे, उलटी फिरवणे हे काम हातात बसले. पुढे १९६७-६८ मध्ये शेफर यांचे सहकारी पिएर आँरी यांच्या मदतनीस म्हणून त्यांनी काम केले. फितींचे तुकडे निवडायचे, जोडायचे, आणि रचनेवर नाव आँरी यांचे. मदतनीसाच्या वाट्याला जे येते ते आले. आपल्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण त्यांनी तेथे एक वेगळी वाट शोधली. आता इथे ज्यांनी कधी आपल्या सभेचा माईक लावला असेल त्यांनी लक्ष द्यावे. माईक कर्ण्याच्या फार जवळ गेला की काय होते? कुंऽऽऽ अशी शिट्टी वाजते, सगळे कानावर हात ठेवतात आणि मंडपवाल्याच्या नावाने ओरडतात. माईकने उचललेला आवाज कर्ण्यातून बाहेर येतो, तोच माईक पुन्हा उचलतो, पुन्हा बाहेर येतो. असे चक्र चालते. रादिग यांनी या शिट्टीतूनच आपले संगीत सुरू केले. माईक आणि कर्णा यांतले अंतर केसभर कमी-जास्त केले तर आवाज बदलतो, पण घाई केली की एक तर किंचाळतो किंवा मरतो. तेव्हा त्या काठावर त्याला धरून ठेवायचे आणि अतिशय हळू हलवायचे. त्यांच्या पुढील सगळ्या आयुष्याचे संगीत या एका सवयीतून निघाले, असे आमचे मत आहे. गुरुजनांना मात्र हे संगीत रुचले नाही. शेफर यांना ध्वनीचे तुकडे प्रिय होते. हिचा ध्वनी तुटतच नव्हता.

१९७० च्या सुमारास त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तेथे त्यांना विजेवर ध्वनी निर्माण करणारे यंत्र, म्हणजे सिंथेसायझर, मिळाले. शेवटी त्यांनी 'आर्प २५००' या नावाचे, कपाटाएवढे यंत्र घेतले आणि पॅरिसला आणले. गंमत अशी की त्याची पट्ट्यांची पेटी त्यांनी मुद्दाम मागे ठेवली. पेटी असली की बोटे सुरावटी वाजवू लागतील, म्हणून मोहच नको! या यंत्रावर त्यांनी सुमारे तीस वर्षे काम केले आणि त्याला 'ज्यूल' असे माणसाचे नाव ठेवले.

यंत्रात त्या करीत काय? हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. दोन तंबोरे जवळजवळ एका स्वरात, पण अगदी किंचित फरकाने लावले तर दोन स्वर ऐकू येत नाहीत. एकच स्वर ऐकू येतो आणि तो लाटेसारखा मोठा-लहान होतो. एक तार सेकंदाला १०० वेळा आणि दुसरी १०१ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला एक लाट येते. दुसरी १००.१ वेळा कंप पावली तर दहा सेकंदांनी एक लाट. ही लाट कोणत्याही एका तारेत नसते. दोन्हींच्या संयोगातून ती उपजते आणि संयोग संपला की संपते. प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ ज्यांनी केला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. रादिग असे अनेक स्वर एकमेकांत मिसळत आणि त्यांतला फरक मिनिटामिनिटाला, हाताने, कळेल न कळेल इतका बदलत. आधी एकेक ध्वनी फितीवर घ्यायचा, मग घड्याळ समोर ठेवून सगळे ध्वनी सलग एका दमात मिसळायचे. तासाभराच्या रचनेत पन्नासाव्या मिनिटाला हात चुकला तर पहिल्यापासून सुरुवात. घरी, एकटीने, अशा रीतीने एकेका रचनेवर वर्ष-वर्ष, कधी दोन-तीन वर्षे जात.

आता संबंधाकडे येतो. १९७४ साली त्यांनी 'आद्नोस' ही रचना केली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजात ती ऐकवली असता काही फ्रेंच विद्यार्थी त्यांना भेटले आणि तिबेटी बौद्ध साधनेविषयी बोलले. लक्षात घ्या, बाई बौद्ध होत्या म्हणून संगीत तसे झाले असे नाही. संगीत आधीच तसे होते. त्याचे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी सांगितले. पॅरिसला परतल्यावर त्यांनी धम्म स्वीकारला. त्यांचे गुरू पावो रिंपोछे हे तिबेटमधून परागंदा झालेले लामा, फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात राहत. तीन वर्षे रादिग यांनी संगीत बाजूला ठेवले. बहुधा कायमचेच सोडले असते, पण गुरूंनीच त्यांना परत कामाला पाठविले. हा प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. हातातले कौशल्य टाकून दिल्याने कोणी शीलवान होत नाही. सम्यक आजीविका आपण अष्टांगिक मार्गात रोज म्हणतो. १९७९ मध्ये 'आद्नोस'चा दुसरा भाग आला आणि १९८० मध्ये तिसरा.

त्यानंतर त्या मिलारेपाकडे वळल्या. अकराव्या-बाराव्या शतकातला हा तिबेटी योगी. चुलत्याने इस्टेट बळकावली, आई उपाशी, म्हणून याने जादूटोणा करून नातलगांचा जीव घेतला. मग पश्चात्तापाने मार्पा या गुरूकडे गेला. मार्पाने त्याला एकट्याने दगडी बुरूज बांधायला लावले आणि बांधून झाले की पाडायला लावले, अशी कथा आहे. मार्पा स्वतः भारतात येऊन नारोपा यांच्याकडे शिकलेला. म्हणजे ही गंगा येथूनच तिकडे गेली. मिलारेपाने पुढे गुहेत राहून, रानातली खाजकुइली उकडून खाऊन, हजारो गीते गायिली. चित्रात त्याला कसे दाखवतात? उजवा हात कानामागे धरलेला! आपले शाहीर, आंबेडकरी जलशातले गायक कानावर हात ठेवून तान घेतात, अगदी तसा. १९८३ मध्ये रादिग यांनी 'मिलारेपाची गीते' ही रचना केली. तीत लामा कुंगा रिंपोछे तिबेटीत म्हणतात, अमेरिकन संगीतकार रॉबर्ट अॅशले इंग्रजीत वाचतात, आणि खाली ज्यूलचा ध्वनी वाहतो. १९८६ मध्ये मिलारेपाच्या जीवनावरच 'जेत्सुन मिला' आली.

इथे काही मंडळींच्या कपाळावर आठ्या दिसत आहेत. जादूटोणा, लामा, पुनर्जन्म हे आपल्या धम्मात बसते का? आम्ही स्पष्टच बोलतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आहे आणि आम्हीही नाकारतो. रादिग यांची सर्वांत मोठी रचना 'मृत्यूची त्रिधारा' ही बार्दो थोदोल या तिबेटी ग्रंथावरून सुचलेली आहे; त्यात मरण आणि पुढचा जन्म यांमधल्या अवस्थांचे वर्णन आहे. ते आम्ही मानत नाही. तरीही ही रचना आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. कारण सांगतो.

तिचा पहिला भाग 'क्येमा' १९८८ साली झाला. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, रादिग यांचा मुलगा ईव्ह मोटार अपघातात गेला. दुसरा भाग 'कैलाश' चालू असतानाच हे घडले. १९९१ मध्ये गुरू पावो रिंपोछेही गेले. १९९३ मध्ये तिसरा भाग 'कूमे' पुरा झाला आणि जवळजवळ तीन तासांची ही रचना संपली. 'क्येमा' मुलाच्या स्मृतीस अर्पण आहे.

किसा गोतमीची कथा आपल्या मुलांनाही पाठ आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली आणि तथागतांनी तिला ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आणायला सांगितले. आपण ती कथा दोन मिनिटांत सांगून मोकळे होतो. पण गोतमीला गावभर फिरायला किती वेळ लागला असेल? प्रत्येक दारात थांबायचे, विचारायचे, नकार ऐकायचे. शहाणपण त्या फिरण्यात आले. रादिग यांच्या या तीन तासांत हुंदका नाही, कुठे आक्रोश नाही. एक ध्वनी येतो, राहतो, केव्हा बदलला ते कळत नाही, आणि नाहीसा होतो. आमच्या घरी मृत्यू झाला त्या वर्षी आम्हाला सांत्वनाची भाषणे सहन होत नव्हती. हे सहन झाले. पुनर्जन्म मानायची अट त्यात कुठेही नव्हती.

पुढचे थोडक्यात. २००० साली 'लील रेझोनांत', म्हणजे निनादणारे बेट, ही यंत्रावरची शेवटची रचना. तिला २००६ मध्ये ऑस्ट्रियातील आर्स इलेक्ट्रॉनिका या संस्थेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मग वयाच्या सत्तरीत बाईंनी यंत्रच सोडले! चेलोवादक चार्ल्स कर्टिस यांच्यासाठी 'नालजोर्लाक' केली आणि २०११ पासून 'ऑकम ओशन' ही मालिका. तिची सुरुवात ऱ्होड्री डेव्हिस यांच्या हार्पपासून झाली. या रचनांची लिहिलेली स्वरलिपी नाही. वादकाने समोर बसायचे, पाण्याचे एखादे दृश्य मनात धरायचे आणि बोलत-ऐकत रचना घडवायची. त्या वादकाला ती येते, कागदाला नाही. तिपिटकही शतकानुशतके भाणकांच्या मुखातच राहिले आणि सिंहलद्वीपात ताडपत्रावर चढले, हे विद्यार्थ्यांनी आठवावे.

एक तक्रार करून थांबतो, ती आपल्या सर्वांविषयी आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लावून आपण म्हाताऱ्यांची छाती धडधडवतो. आणि याच सभागृहात त्रिशरण चालू असताना मागे खुर्च्या ओढल्या जातात. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यासाठी घरात शांतता लागत असणार. आम्ही वाजवण्याच्या विरुद्ध नाही. शेकडो वर्षे आपल्याला आवाज नव्हता, तेव्हा तो मोठा निघणारच. पण ऐकण्याचा सरावही कोणी तरी सुरू केला पाहिजे, म्हणून हा विषय घेतला.

आता 'क्येमा'ची पहिली पंधरा मिनिटे ऐकवतो. मागच्या बाजूला बसलेल्यांनी कृपया दार लावून घ्यावे आणि पंखे बंद करावेत. उकडेल, पण पंख्याची घरघर या स्वराच्या फार जवळची आहे. सुरुवातीला काहीच वाजत नाही असे वाटेल. कोणी उठून यंत्राकडे जाऊ नये. ते चालू आहे.