सह्याद्रीत पक्षी बघायला जाताय? सॅकमध्ये कुठलं पुस्तक टाकाल?

आंबोली, मोलें, तांबडी सुर्ला अशा जंगलांत पहिल्यांदा जाणारे हमखास विचारतात, "पुस्तक कुठलं घेऊ?" मी नाव सांगत नाही, आधी एक परीक्षा सांगतो. दुकानात पुस्तक हातात आलं की थेट शिंजिरांचं पान उघडा.

का? तर सह्याद्रीत तीन छोटे शिंजीर सारखे दिसतात. नर सोपे असतात, चमचमतात. खरी गंमत माद्यांची. जांभळ्या शिंजिराची मादी खालून पिवळसर. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या मादीचा गळा मात्र राखाडी-पांढरट, पोट पिवळं. आणि तिसरा, फक्त पश्चिम घाटात सापडणारा किरमिजी पाठीचा. त्याच्या मादीच्या शेपटीच्या वर मळकट लाल डाग. त्यात जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम संपला की मादीसारखा पिवळा होतो, गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी उरते. ही सगळी रूपं एका पानावर शेजारी शेजारी काढली असतील तर पुस्तक पास. नुसते झगमगीत नर असतील तर ते टेबलावर ठेवायला छान!

म्हणूनच मी फोटोंपेक्षा चित्रांच्या बाजूने. फोटोत एक पक्षी, एका उजेडात, एका क्षणी. चित्रकार सगळ्यांना एकाच पोझमध्ये बसवतो, फरक लगेच कळतो. सदाहरित जंगलात अंधार असतो, पक्षी उंच पानांत, आणि तुम्हाला मिळतात तीन-चार सेकंद.

दुसरी गोष्ट नकाशा. उपखंडात १३००हून जास्त जाती आहेत, तुमच्या जंगलात त्यातल्या थोड्याच. मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर शिंग नसतं, साध्या राखी धनेशाच्या असतं. पण शिंग दिसायच्या आत तो उडाला तर? मग नकाशा निदान शक्यता कमी करतो. तो चित्रासमोरच हवा. चिखलाच्या हातांनी मागची पानं कोण चाळणार?

आता नावं. ग्रिमेट आणि इन्स्किप यांचं उपखंडाचं गाइड, २०११ची दुसरी आवृत्ती: चित्रासमोर माहिती आणि नकाशे. माझी पसंती यालाच. रासमुसेन-अँडरटन यांचं 'रिप्ली गाइड' जबरदस्त आहे, पण दोन खंड. दुसरा घरीच ठेवा. सलीम अलींचं १९४१चं 'बुक ऑफ इंडियन बर्ड्स' वाचायला आजही गोड. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश', तोही घरी.

"अरे, पण मर्लिन ॲप आहे ना?" आहे, फुकट आहे, आवाज ओळखायला भारी आहे. पॅक आधीच वायफायवर उतरवून घ्या, घाटात रेंज नसते. पण आवाज ऐकून ॲप तुम्हाला एक नाव देतं, शेजारचे तीन संशयित आपणहून दाखवत नाही. आणि प्लीज, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका, विणीच्या दिवसांत तर अजिबातच नाही. तो घरटं सोडून तुमच्याशी भांडायला येतो.

जून ते सप्टेंबर जाणार असाल तर पुस्तक झिपच्या पिशवीत. आणि हो, सॅकच्या तळाशी नको, पँटच्या बाजूच्या खिशात जातंय का ते दुकानातच बघा. लोक हसतील, हसू देत.