शिकलेले वाया जात नाही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक-विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



गेल्या वर्षी एक पालक शाळेत आले. त्यांचे किराणा मालाचे दुकान. मुलगा आपलाच माजी विद्यार्थी, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. ते म्हणाले, "सर, हा आठवीपासून दुकानाची वही लिहितो. कॉलेजातही तेच जमाखर्च शिकवतात. येते तेच शिकायला फी कशाला? नाव काढून टाकतो." त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

अमेरिकेत या प्रश्नाला 1967 सालापासून उत्तर आहे. तेथील कॉलेज बोर्ड ही संस्था 'क्लेप' नावाच्या परीक्षा घेते. विषय चौतीस, त्यांत हिशेबशास्त्रही आहे. ज्ञान वर्गात मिळवले की दुकानात, नोकरीत की घरी पुस्तक वाचून, हे कोणी विचारत नाही. बहुतेक पेपर दीड तासाचा असतो. गुण 20 ते 80 या पट्टीवर मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या शिफारशीप्रमाणे 50 गुण मिळाले, की हिशेबशास्त्राचे तीन श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, द्यावेत. तेथे पदवीला साधारण 120 श्रेयांक लागतात. म्हणजे एका परीक्षेने एका विषयाची फी आणि एका सत्रातील तेवढे तास वाचतात.

स्पॅनिश भाषेचाही पेपर आहे. घरी आईबापांशी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला त्याचा फायदा होतो. पण नुसते बोलता येऊन भागत नाही. ऐकून आणि वाचून समजते का, हे तेथे तपासतात. आपण हेच ध्यानात घ्यायचे. अंगी असलेली विद्या आणि कागदावर उतरणारी विद्या यांत अंतर असते. दुकानाची वही लिहिणाऱ्याला घसारा म्हणजे काय आणि ताळेबंद कसा मांडतात, हे शिकावेच लागते. शिवाय श्रेयांक द्यायचे की नाही, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते.

आता आपल्याकडे काय आहे? क्लेपसारखी तयार वाट मला दिसली नाही. पण जवळची एक वाट आहे. 2017 साली केंद्र सरकारने 'स्वयम्' हे शिक्षणाचे दालन सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून पुरे करता येतात. त्याच वर्षी श्रेयांक जमा ठेवण्यासाठी 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' निघाली. मात्र येथे थेट परीक्षेला बसून चालत नाही. नाव नोंदवावे लागते, स्वाध्याय द्यावे लागतात, मग केंद्रावर जाऊन परीक्षा. शिकण्याला पैसे पडत नाहीत. परीक्षेची फी भरावी लागते. ज्याला विषय आधीच येतो, त्याला हे ओझे हलके वाटते.

पालकांना माझी एक विनंती आहे. नाव नोंदवण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: हा विषय तुम्ही धराल का, आणि किती श्रेयांक द्याल? उत्तर लेखी घ्या. नंतर "आमच्याकडे चालत नाही" असे ऐकायची पाळी येऊ नये.

विद्यार्थी मित्रहो, दुकानात, शिलाईच्या मशीनवर, गॅरेजमध्ये तुम्ही जे शिकता, त्याची लाज बाळगू नका. पण तेवढ्यावर थांबूही नका. हातचे ज्ञान पुस्तकाशी ताडून पाहा आणि परीक्षेला बसा. परीक्षा दिली नाही तर ते ज्ञान तुमच्या गल्लीपुरतेच राहील.

त्या पालकांना मी हे सारे जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे याचे येणे फुकट गेलेले नाही तर." मुलाचे नाव कॉलेजात कायम आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी दुकान. आता तो वहीबरोबर ताळेबंदही मांडतो, आणि वडील चष्मा लावून तो तपासतात.

आपल्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर नाव काढण्याआधी एकदा शाळेत या. आपण बसून बोलू.